सकाळी उठल्यापासून काय करता?

दांडिया बाजारातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "मुलगी बडोद्यातच एमबीबीएसची इंटर्नशिप करते आहे. न्यूरोसर्जनच व्हायचं म्हणते. अजून किती वर्षं जातील? मुलीच्या जातीला झेपेल का? आणि एक मनात राहिलेलं विचारतो, हे डॉक्टर इतके तुटक का बोलतात? माझ्या वडिलांच्या वेळी व्हरांड्यात उभ्या उभ्या 'फिफ्टी-फिफ्टी' एवढंच सांगून डॉक्टर निघून गेले होते."

मी याच शहरात पंचवीसएक वर्षं डोकी आणि मणके उघडतो आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला वेळ लागेल, म्हणून आधी हिशेब उरकून घेतो.

इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं. मग नीट पीजी देऊन जनरल सर्जरीत एमएस, 3 वर्षं. मग नीट एसएस देऊन न्यूरोसर्जरीत एमसीएच, आणखी 3. किंवा एमबीबीएसनंतर थेट 6 वर्षांचं एमसीएच. ते एम्स, चंदीगडचं पीजीआय, बंगळुरूचं निम्हान्स अशा मोजक्या ठिकाणी असतं आणि त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीआरएनबी या पदवीचेही असेच 3 आणि 6 वर्षांचे दोन रस्ते आहेत. कुठूनही जा, बेरीज साडेअकरा. ही झाली कागदावरची. मधल्या परीक्षांच्या तयारीत एखादं वर्ष सहज जातं, सरकारी कॉलेज असेल तर बाँडची सेवा असते. मी पहिलं डोकं स्वतःच्या जबाबदारीवर उघडलं तेव्हा माझ्या वर्गमित्राची मुलगी पहिलीत जात होती.

थेट 6 वर्षांच्या रस्त्याबद्दल विचाराल तर मी जुन्या मताचा आहे. एमएस करताना फाटलेली आतडी शिवली की रक्ताची भीती मोडते. शिवाय 'हे आपलं काम नाही' असं मध्येच वाटलं, तर हातात एक डिग्री असते. थेट रस्त्यावर चौथ्या वर्षी असं वाटलं तर काहीच नसतं. माझे तरुण सहकारी यावरून माझ्याशी भांडतात. मेंदूकडे जाणाऱ्या माणसाने 3 वर्षं हर्निया का करत बसायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे.

हे शास्त्र आपल्याकडे तसं कोवळं. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी 1949 मध्ये सुरुवात केली, पुढच्या वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्तींनी. आपलं बडोदा मेडिकल कॉलेजही 1949चंच. सीटी स्कॅन माणसावर पहिल्यांदा झाला तो 1971 मध्ये, इंग्लंडात. त्याआधी गाठ कुठे आहे हे कळायला मानेतल्या धमनीत औषध सोडून एक्स-रे काढायचे, नाहीतर मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरायचे. माझे सर त्या काळात शिकलेले. स्कॅनचं पाकीट हातात दिलं तरी ते उघडायचे नाहीत. आधी पेशंटला चालवायचे, चार गोष्टी बोलायचे, हातोडीने गुडघा ठोकून बघायचे, मग म्हणायचे, "उजवीकडे, कपाळामागे. आता काढ फिल्म." चुकले की दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं असायचं.

एमसीएचचं पहिलं वर्ष म्हणजे हमाली. मी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात होतो. ट्रॉली ढकलायची, ऑक्सिजनचं सिलिंडर किती उरलंय ते बघायचं, श्वासाच्या नळीतला कफ ओढायचा, आणि रात्री तासातासाला बॅटरी मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली का, म्हणजे डोक्यात दाब वाढतोय का, एवढ्यासाठी मी वर्षभर धड झोपलो नाही. बेशुद्धी मोजायचं ग्लासगो कोमा स्केल 1974 मध्ये आलं: डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून 3 ते 15 गुण. "सर, 12चा 9 झालाय," एवढं फोनवर म्हटलं की सीनियर पुढचं ऐकायला थांबत नसे, चप्पल घालून निघायचा.

हात, म्हणजे स्वतः ऑपरेशन करायची संधी, हळूहळू मिळतो. आधी कवटीला भोकं. मग डोक्यात पाणी साठलेल्या बाळांचे शंट, म्हणजे जादा पाणी कातडीखालून नळीने पोटात सोडायचं. आपल्याकडे शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट सर्रास वापरतात. परदेशी शंटपेक्षा कितीतरी स्वस्त. तो बसवलेली बाळं पुढे शाळेचं दप्तर घेऊन दाखवायला येतात. मायक्रोस्कोपखाली शिवायला मी कोंबडीच्या पंखातल्या रक्तवाहिनीवर शिकलो. ती जेमतेम मिलिमीटरभर असते आणि दोरा केसाहून बारीक. सुट्टीत बडोद्याला आलो तेव्हा आईने कोंबडी दारातून आत येऊ दिली नाही. पण मला डावा हात तयार करायचा होता. ऑपरेशनभर सक्शनची नळी डाव्या हातात असते आणि निम्मं काम तीच करते. शेवटी आईनेच तोडगा काढला. परातीत तांदूळ पसरले, माझा चिमटा माझ्याच डाव्या हातात दिला आणि म्हणाली, "खडे वेच." दिवाळीच्या सुट्टीत मी अख्ख्या वाड्याचे तांदूळ निवडून दिले. हात थरथरतो म्हणून तुमची मुलगी घाबरत असेल तर तिला सांगा, थोडा सगळ्यांचाच थरथरतो. मनगट टेकवायला शिकायचं असतं.

बडोद्यात आमचं वर्ष 14 जानेवारीला सुरू होतं. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, दोन दिवस सगळं गाव गच्चीवर आणि आम्ही कॅज्युअल्टीत. कुणाच्या गळ्याला मांजा, कुणी पतंगाकडे बघत मागे सरकता सरकता कठड्यावरून खाली. काही वर्षांपूर्वीचा एक 11 वर्षांचा मुलगा सांगतो. दुपारी पत्र्यावरून पडला. उठला, कपडे झटकले, उंधियू-जिलेबी खाल्ली. मग "डोकं दुखतंय" म्हणून आडवा झाला. मोठ्यांनी ठरवलं, सकाळपासून उन्हात होता, दमलाय, झोपू दे. आजी तेवढी म्हणाली, "हा असा घोरत नाही कधी."

कानाच्या वर, कानशिलाजवळ, हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साचत जातं. मधले काही तास माणूस बोलतो, खातो, हसतो. हेच तास घरच्यांना फसवतात. मुलगा आला तेव्हा डावी बाहुली मोठी झाली होती आणि उजवा हात हलत नव्हता. पूर्वी कवटीला भोक पाडायला सुताराकडे असतं तसलं हाताने फिरवायचं गिरमिट असायचं. आता ड्रिल असतो, हाड संपलं की तो आपोआप थांबतो. पहिलं भोक पडताच रक्ताचा गोळा स्वतःच वर आला, जांभळाच्या घट्ट मुरंब्यासारखा. तो काढला, धमनी बांधली. चेपलेलं आवरण हळूहळू वर आलं आणि धडधडायला लागलं. भूलतज्ज्ञांनी चादरीखाली वाकून बॅटरी मारली आणि म्हणाले, "बाहुली आली."

त्या ऑपरेशनचे पेढे अजून येतात. खरं सांगायचं तर ते ऑपरेशन दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंटही करतो. पोरगं वाचलं ते आजीमुळे. तो रोज कसा झोपतो हे तिला ठाऊक होतं.

मला जड गेलं ते वेगळंच. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत पन्नाशीच्या एक बाई आल्या. एका कानाने ऐकू येईना, चालताना तोल जायचा. स्कॅनमध्ये कानाच्या नसेवर गाठ, कर्करोगाची नव्हे. या गाठीवर चेहऱ्याची नस ताणून पसरलेली असते, ओल्या जिलेटिन कागदासारखी. मी 8 तास बसून गाठ पूर्ण काढली. नंतरच्या स्कॅनमध्ये कण दिसत नव्हता. तो स्कॅन मी दोन परिषदांत दाखवला. नस मात्र दुखावली आणि चेहऱ्याची एक बाजू ओघळली. याची कल्पना दिली होती, सही घेतली होती, सगळं नियमाने.

3 महिन्यांनी त्या आल्या. मी उत्साहाने फिल्म लावली. त्या म्हणाल्या, "स्कॅन छान आहे हो डॉक्टर. पण 'म' आणि 'प' माझ्या तोंडून नीट निघत नाहीत. ओठ मिटत नाही, वारा निसटतो. पोरींना सरगम सांगते, ती 'ग'पाशीच अडते."

त्या घरी गाणं शिकवत होत्या, वीस वर्षं. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी 'गृहिणी' लिहून टाकलं होतं आणि मी ते वाचून पुढे गेलो होतो. त्यांचं ऐकणं तपासलं, तोल तपासला, गिळणं तपासलं, दिवसभर काय करता हे विचारलं नाही. विचारलं असतं तर नसेला चिकटलेली गाठीची साल मी तशीच ठेवली असती. तेवढ्यावर दरवर्षी स्कॅन करून लक्ष ठेवता येतं, वाढली तर गॅमा नाइफने किरणोपचार करता येतात. पण तेव्हा मला ते अर्धवट काम वाटायचं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मलाच धीर देऊन गेल्या.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: सकाळी उठल्यापासून काय करता? लोकांना वाटतं डॉक्टर गप्पा मारतोय. शिलाई करणारी बाई सुईत दोरा ओवताना कुठला डोळा मिटते, रिक्षावाल्याला डाव्या बाजूने येणारा सायकलवाला कधीपासून दिसेनासा झाला, यातून मला अर्धं निदान मिळतं. रावपुऱ्यातले एक आजोबा आले होते. मुलगा म्हणाला, "वय झालं, विसरतात." सकाळी काय करतात, विचारलं. सून म्हणाली, "रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. गेले पंधरा दिवस पेपर उलटा धरून बसतात." म्हातारपणाचा विसर पंधरा दिवसांत येत नाही. खोदल्यावर निघालं, महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले होते, साधं टेंगूळही आलं नव्हतं, आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. मेंदूवर जुन्या रक्ताचा थर साचला होता. दोन भोकं पाडली, इंजिन ऑइलसारखं काळपट पाणी निघालं. तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर सिस्टरकडे पेन मागत होते.

आपल्या गावात हा प्रश्न भाषेपाशीही जातो. मांडवीकडे हार्डवेअरचं दुकान असलेले एक गृहस्थ, घरी मराठी, गल्ल्यावर गुजराती. डाव्या मेंदूत बोलण्याच्या जागेला लागून गाठ. अशा वेळी माणसाला जागं ठेवून ऑपरेशन करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. कातडीच्या नसा बधिर केल्या की माणूस बोलत राहू शकतो. त्याला चित्रं दाखवायची, त्या वेळी मेंदूच्या पृष्ठभागावर जागोजागी अगदी हलका वीजप्रवाह द्यायचा, आणि जिथे शब्द अडतो ती जागा सोडायची. आमच्याकडची निम्मी चित्रं निकामी ठरली. पोपट दोन्हीकडे पोपट, चावी दोन्हीकडे चावी. मग त्यांच्या पत्नीने आदल्या रात्री बसून यादी केली: मांजर-बिलाडी, कांदा-डुंगळी, खिडकी-बारी. टेबलावर एका जागी असं झालं की चित्र बघून ते "हे... अहो हे..." करत अडायचे, आणि भूलतज्ज्ञांनी गुजरातीत विचारलं की चटकन "बिलाडी". तीनदा करून पाहिलं, तीनदा तसंच. दोन भाषांच्या काही जागा वेगळ्या असतात हे पुस्तकात वाचलं होतं. आदल्या दिवशी मी त्यांना विचारून ठेवलं होतं, वेळ आलीच तर कुठली भाषा सांभाळू? ते म्हणाले होते, "गिऱ्हाइकाशी मी बोटांनीसुद्धा हिशेब करीन. आई फक्त मराठी बोलते." गाठीचा तेवढा तुकडा मी तिथेच ठेवला.

आता तुमची 'फिफ्टी-फिफ्टी'. तो आकडा कुठल्याही अभ्यासातून येत नाही. माणूस वाचला तरी तो खरा, गेला तरी खरा, म्हणून तो वापरतात. मीही वापरलाय. व्हरांड्यात पंधरा माणसं कोंडाळं करून उभी, त्यातले दोघे मोबाइलवर रेकॉर्ड करतायत, आत दुसऱ्या पेशंटची बाहुली मोठी होतेय, अशा वेळी तोंडातून तेवढंच निघतं. ही सबब झाली. तुमच्या वडिलांच्या वेळी जे झालं ते बरोबर नव्हतं.

मी हल्ली काय करतो ते सांगतो. खोलीत बसवतो, दोन-तीनच जण, आणि मीही बसतो. आधी त्यांनाच विचारतो, तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय? मग त्यांच्या भाषेत, अवघड शब्द टाळून सांगतो. सगळे विचारतात "वाचेल ना?" आमच्या कामात त्याहून अवघड प्रश्न असतो, वाचला तर कसा राहील? जेवेल का, ओळखेल का, स्वतः संडासला जाईल का? हे मी स्वतःहून बोलतो. ऐकणाऱ्याला त्रास होतो, पण न सांगता केलेल्या ऑपरेशनचा त्रास पुढे दहा वर्षं एकटी सून काढते, हे मी पाहिलंय. पैशाचंही मीच काढतो. गुजरातमध्ये 2012पासून मोफत उपचारांचं सरकारी मा कार्ड आहे, आता ते आयुष्मानशी जोडलेलं आहे. दागिना मोडायच्या आधी कार्ड आहे का बघा, हे वाक्य मी आठवड्यातून चारदा तरी म्हणत असेन.

सगळ्यात कठीण बोलणं ब्रेन डेथचं. छाती वरखाली होते आहे, हात ऊबदार आहे, मग गेला कसा? 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासतं, मध्ये निदान 6 तास जाऊ देऊन. व्हेंटिलेटरशिवाय एकही श्वास घेतला जात नाही, हे त्यात पाहतात. मी तिथे 'गंभीर', 'क्रिटिकल' असले शब्द वापरत नाही. 'मृत्यू झाला आहे' असं म्हणतो आणि मग गप्प बसतो. ती शांतता भरून काढायची ऊर्मी होते, ती आवरायला मला दहा वर्षं लागली.

ओपीडीतली मोठी गर्दी मात्र कंबरेची असते. मणक्याच्या गादीने पाय दुखणाऱ्या बहुतेकांचं औषध, व्यायाम आणि काही आठवड्यांचा धीर यावर भागतं. एमआरआयचा अहवाल वाचून घाबरलेल्यांना मी तो पाकिटात परत घालायला लावतो. लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं तर मात्र त्याच दिवशी या, रात्र असली तरी. आणि कुणी ऑपरेशन सुचवलं की दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, मी सुचवलं असलं तरी. मला राग येत नाही. थोडा येतो, पण घ्या.

राहिला 'मुलीच्या जातीचा' प्रश्न. मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी 1968 मध्ये न्यूरोसर्जरीत एमसीएच केलं. आशियातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन म्हणून त्यांचं नाव घेतात. म्हणजे हा प्रश्न सुटून अर्धशतक उलटलं. आठ-दहा तास उभं राहणं सवयीने जमतं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलीला खरा त्रास झाला तो वेगळी ड्युटी रूम आणि कडी लागेल असं बाथरूम नसण्याचा. प्रवेश घेण्याआधी त्या विभागातल्या रेसिडेंट मुलींना भेटून तिने हे विचारून घ्यावं. तुम्हालाही काही गोष्टी अंगवळणी पाडाव्या लागतील. ती गणपतीला आरतीच्या वेळी नसेल, लग्नात अक्षता पडायच्या आधी निघून जाईल, आणि कधी तरी घरी येऊन कुणाशी न बोलता झोपेल. त्या दिवशी काय झालं हे लगेच विचारू नका. ताट वाढून ठेवा.

तिला एखाद्या मंगळवारी माझ्या ओपीडीत पाठवा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकू दे. कंटाळली नाही तर पुढच्या आठवड्यात थिएटरमध्ये घेतो. आत गार असतं, स्वेटर आणायला सांगा आणि पोटभर पोहे खाऊन यायला सांगा. ओल्या हाडाच्या भुशाचा वास पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा मी उपाशी होतो. वॉर्डातल्या मामांनी मला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं होतं आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी दिली होती.